फ्लाइटला कोणतं विमान लागणार? आधीच शोधून काढायची पद्धत

तिकीट काढताना स्क्रीनवर दिसलेलं विमानाचं नाव म्हणजे पक्की खबर, असं धरून चालणारे खूप जण आहेत. काही जण आठवडाभर आधी फ्लाइटरडार२४ ही विमानांचा माग दाखवणारी साइट उघडतात, काल त्या नंबरखाली उडालेल्या विमानाचा टेल नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, टिपून ठेवतात आणि आपल्यालाही तेच मिळणार म्हणून पैसे भरून सीट निवडतात. दोघांचीही फसगत एकाच कारणाने होते. त्यांनी योग्य प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

विमानाची माहिती टप्प्याटप्प्याने पक्की होत जाते. कोणत्या दिवशी काय कळू शकतं हे एकदा लक्षात आलं की शोधणं अवघड नाही. खर्चही जवळपास शून्य.

## आधी ठरवा: नेमकं काय शोधायचंय?

‘कोणतं विमान’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला, विमानाचा प्रकार: एअरबस ए३२० निओ, बोइंग ७८७-८, एटीआर ७२ वगैरे. तो वेळापत्रकात महिनोन्महिने आधी नोंदवलेला असतो, पण बदलू शकतो.

दुसरा, आतली मांडणी. एकाच प्रकारच्या दोन विमानांत सीट वेगळ्या असू शकतात. एअर इंडियाच्या जुन्या मांडणीच्या ७८७-८ मध्ये २५६ सीट आहेत, १८ बिझनेस आणि २३८ इकॉनॉमी. एअर इंडियात विलीन झालेल्या विस्तारा या एअरलाइनकडून आलेल्या ७८७-९ मध्ये २९९ आहेत: ३० बिझनेस, २१ प्रीमियम इकॉनॉमी, २४८ इकॉनॉमी. तिकिटावर दोन्ही नुसतं ‘ड्रीमलायनर’ म्हणून मिरवतात.

तिसरा, नेमकं विमान, म्हणजे टेल नंबर. भारतात नोंदलेल्या प्रवासी विमानांचा नंबर ‘व्हीटी’ने सुरू होतो आणि पुढे तीन अक्षरं असतात. कोणत्या फ्लाइटला कोणता टेल नंबर लागणार हे सहसा शेवटच्या दिवशीच बाहेर दिसतं.

आई-वडिलांना पायऱ्या किती चढाव्या लागतील, केबिन बॅग वरच्या कप्प्यात मावेल का, एवढंच हवं असेल तर प्रकार कळला की काम झालं. रात्रभराच्या लंडन प्रवासात सीट पूर्ण आडवी होणार की नाही हे हवं असेल, तर मांडणीपर्यंत जावं लागेल. टेल नंबरची गरज विमानवेड्यांना आणि ज्यांच्या एअरलाइनमध्ये नूतनीकरण सुरू आहे अशा प्रवाशांना. जेवढं हवं तेवढंच खणा.

## तयारी: चार गोष्टी हाताशी हव्यात

उडवणाऱ्या एअरलाइनचा फ्लाइट नंबर. तिकीट एकाच्या नंबरवर आणि विमान दुसऱ्याचं, हा कोडशेअरचा प्रकार परदेशी प्रवासात सर्रास असतो. एअर इंडियाच्या नंबरवर काढलेलं तिकीट प्रत्यक्षात लुफ्तान्साच्या विमानाचं असू शकतं. तिकिटावर बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ लिहिलेलं असतं. तिथे नाव वेगळं असेल तर त्या एअरलाइनचा मूळ नंबर शोधा आणि पुढचा सगळा शोध त्याच नंबराने करा.

नेमका विमानतळ. गोव्यात दाभोळी आणि मोपा आहेत. डिसेंबर २०२५ पासून मुंबईच्या जोडीला नवी मुंबईही सुरू झाली आहे. ‘मुंबई–गोवा’ असं शोधलंत तर चार जोड्यांची सरमिसळ समोर येते.

निघण्याची तारीख, स्थानिक आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्ही. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत भारतातून निघणारी फ्लाइट यूटीसीनुसार आदल्या तारखेची असते. १५ तारखेच्या पहाटे दोनची फ्लाइट यूटीसीत १४ तारखेला २०.३० वाजता दिसते. मुंबईहून युरोप आणि आखाताकडे जाणारी बरीच विमानं नेमकी याच वेळेत सुटतात, म्हणून ही चूकही इथेच सर्वांत जास्त होते.

पीएनआर. सीटचा नकाशा पुन्हा पुन्हा पाहायला लागेल.

> तपासा: ट्रॅकिंग साइटच्या सेटिंगमध्ये वेळ यूटीसीत आहे की स्थानिक, हे सर्वांत आधी बघून घ्या. अर्धे गोंधळ इथेच मिटतात.

## टप्पा १: वेळापत्रकातला प्रकार बघा

गुगल फ्लाइट्सवर आपला मार्ग आणि तारीख टाका आणि फ्लाइटच्या ओळीवरचा बाण उघडा. तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग करताना ‘फ्लाइट डिटेल्स’मध्येही तो मिळतो. दोन्हीकडे पाहा. दोन्हींत फरक आढळला तर एअरलाइनची साइट खरी माना.

बऱ्याच ठिकाणी पूर्ण नावाऐवजी कोड असतो, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. तिकीट आणि वेळापत्रकात तीन अक्षरी कोड येतो, ट्रॅकिंग साइटवर चार अक्षरी.

- ए३२० निओ: ३२एन, किंवा ए२०एन
- ए३२१ निओ: ३२क्यू, किंवा ए२१एन
- बोइंग ७३७ मॅक्स ८: ७एम८, किंवा बी३८एम
- बोइंग ७८७-८: ७८८, किंवा बी७८८
- बोइंग ७७७-३०० ईआर: ७७डब्ल्यू, किंवा बी७७डब्ल्यू
- ए३५०-९००: ३५९, किंवा ए३५९
- एटीआर ७२-६००: एटी७, किंवा एटी७६

‘७एम८’ आणि ‘बी३८एम’ ही दोन वेगळी विमानं समजून ‘विमान बदललं’ म्हणून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. विमान तेच, लिहिण्याची पद्धत वेगळी. ‘३२एस’ दिसलं तर मात्र थांबा. तो ए३२० कुटुंबाचा सामायिक कोड आहे, म्हणजे नेमकं कोणतं हे तिथे लिहिलेलंच नाही.

काही एअरलाइनच्या बाबतीत हा टप्पा चुटकीसरशी संपतो. आकासाकडे फक्त ७३७ मॅक्स आहेत. गोव्यातून चालणाऱ्या फ्लाय९१ची विमानं एटीआर ७२ आहेत. शोधाशोध करावी लागते ती इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेससाठी, कारण तिथे मिश्र ताफा आहे.

> इशारा: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाचा हंगाम बदलतो. तुमचा प्रवास त्या तारखेच्या पुढचा असेल आणि आजची तारीख तिच्या अलीकडची असेल, तर सध्या त्या नंबरवर काय उडतंय यावरून काहीच ठरवू नका.

## टप्पा २: सीटच्या नकाशाला विचारा

वेळापत्रकातला मजकूर जुना राहू शकतो. सीटचा नकाशा सहसा लवकर बदलतो, कारण त्याच्यावर सीट विकायच्या असतात. म्हणून पीएनआर टाकून ‘मॅनेज बुकिंग’मधला नकाशा उघडा.

इंडिगोच्या नकाशात आडव्या ओळीत दोन-दोन सीट दिसल्या की ते एटीआर आहे, ७८ सीटचं. तीन-तीन दिसल्या की शेवटच्या ओळीचा आकडा बघा. तिशीच्या सुरुवातीला संपत असेल तर ए३२०, चाळिशीच्या जवळ जात असेल तर ए३२१ निओ. पुढे दोन-दोनच्या १२ रुंद सीट असतील तर ते ‘स्ट्रेच’ नावाच्या बिझनेस वर्गाचं ए३२१ निओ.

एअर इंडियात देशांतर्गत फ्लाइटच्या नकाशात मधोमध दोन पॅसेज दिसले, तर त्या दिवशी मोठं, रुंद विमान लावलं आहे. परदेशी फ्लाइटला प्रीमियम इकॉनॉमीच नसेल, तर जुन्या मांडणीच्या विमानाची शक्यता मोठी. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. जुन्या ७८७-८ विमानांचं नूतनीकरण २०२५ मध्ये सुरू झालं आणि नव्याने सजून आलेल्या विमानांतही तीन वर्ग आहेत. प्रीमियम इकॉनॉमी दिसली म्हणून ते ७८७-९च असेल असं नाही.

एरोलोपा या साइटवर एअरलाइननुसार प्रत्येक मांडणीचे नेटके नकाशे आहेत. खिडकीच्या सीटला खरोखर खिडकी आहे की नुसती भिंत, हेही त्यात कळतं. आपला नकाशा तिथल्या नकाशांशी ओळीगणिक ताडून पाहा.

> तपासा: नकाशाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे विमान बदललं की फरक लगेच कळतो, आणि पैसे भरून घेतलेली सीट गेली तर दाखवायला पुरावा राहतो.

## टप्पा ३: गेल्या आठवड्याचा इतिहास वाचा

फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर शोधलात की त्या नंबरखाली उडालेल्या फेऱ्यांचा तक्ता येतो. फुकटच्या खात्यात साधारण सात दिवसांचा. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा चार अक्षरी कोड आणि त्याला लागून टेल नंबर असतो.

लोक इथे सर्वांत वरची ओळ वाचतात आणि बाहेर पडतात. तक्ता उभा वाचायचा असतो. सातही दिवस एकच प्रकार असेल, तर तुमच्या दिवशीही तोच असण्याची शक्यता भक्कम. पाच दिवस ए३२१ आणि दोन दिवस ए३२० असेल तर ते दोन दिवस कोणते ते पाहा. काही एअरलाइन वारानुसार विमान बदलतात, म्हणून मंगळवारच्या प्रवाशाने मंगळवारचीच ओळ पाहावी. रोज निराळंच काही दिसत असेल, तर त्या मार्गावर विमानांची अदलाबदल नेहमीची आहे. तिथे सीट निवडायला जादा पैसे भरण्याआधी थांबलेलं बरं.

तक्त्यातल्या टेल नंबरांचा या टप्प्यावर एवढाच उपयोग: ते कोणत्या गटातले आहेत ते पाहणं. एअर इंडियाच्या बहुतेक ७८७-८चे नंबर ‘व्हीटी-एएन’ने सुरू होतात, विस्ताराकडून आलेल्या ७८७-९चे ‘व्हीटी-टीएस’ने, पहिल्या ए३५०-९०० विमानांचे ‘व्हीटी-जेआर’ने. काल आलेलं नेमकं विमान तुमच्या दिवशी जगात कुठेही असू शकतं.

‘व्हीटी’ सोडून दुसरं काही दिसलं तर ती साइटची चूक समजू नका. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांवर. त्यांचे नंबर नॉर्वेचे, ‘एलएन’ने सुरू होणारे. फ्लाइट नंबर इंडिगोचा, विमान पाहुण्यांचं.

## टप्पा ४: येणारं विमान शोधा (इथे सगळ्यांत जास्त चुका होतात)

आता प्रवासाला एक दिवस उरला आहे. तुमची फ्लाइट उडवणारं विमान आत्ता दुसरी कुठली तरी फेरी करत असणार. ती फेरी सापडली की टेल नंबर सापडला. ही युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे मात्र फार थोडे जण बघतात.

पाहुण्या एअरलाइनसाठी ती जवळपास हमखास चालते. एमिरेट्सची ईके ५०० दुबईहून मुंबईला येते आणि ईके ५०१ मुंबईहून परत जाते. ब्रिटिश एअरवेजची बीए १३९ लंडनहून येते, बीए १३८ परत जाते. मुंबईत या कंपन्यांची राखीव विमानं उभी नसतात. जे आलं तेच परत जाणार. त्यामुळे ईके ५०१ साठी दुबईहून ईके ५०० कोणतं विमान घेऊन निघाली एवढं बघितलं की पुरे. हाच नियम उलट दिशेने एअर इंडियाला लागू होतो. मुंबईहून लंडनला गेलेलं विमान काही तासांनी तिथूनच परत निघतं, म्हणून लंडनहून घरी येणाऱ्यांचं काम सोपं आहे.

लहान गावाच्या विमानतळावरही चालते. कोल्हापूर किंवा नांदेडला उतरलेलं विमान सहसा अर्ध्या-पाऊण तासात त्याच कंपनीची पुढची फेरी घेऊन निघतं. तिथे दुसरं विमान असतंच कुठे!

एअरलाइनच्या स्वतःच्या तळावर मात्र भरवसा ठेवू नका. मुंबई किंवा दिल्लीत इंडिगोची एकाच वेळी डझनावारी विमानं उभी असतात. एसटीच्या मोठ्या डेपोत उभ्या असलेल्या गाड्यांतली कोणतीही गाडी कोणत्याही फेरीला लागू शकते, तसं तिथे चालतं. नागपूरहून येणारं विमान उशिरा येतंय असं दिसलं की नियंत्रण कक्ष शेजारच्या स्टँडवरचं विमान तुमच्या फ्लाइटला देऊन मोकळा होतो. अशा ठिकाणी टप्पा ३ मधल्या तक्त्यावरून प्रकाराचा अंदाज धरा आणि टेल नंबरासाठी टप्पा ५ पर्यंत वाट पाहा.

फेरी सापडली की वेळेचा हिशेब करा. अरुंद विमानाला उतरल्यापासून निघेपर्यंत साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, परदेशी लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला दीड-दोन तास किंवा जास्त. सापडलेलं विमान तुमच्या निघण्याच्या दहा मिनिटं आधी उतरणार असेल, तर दोनच शक्यता: एक तर तुम्ही चुकीची फेरी पकडली, नाही तर फ्लाइटला उशीर होणार.

> इशारा: नकाशावर विमानाजवळ दिसणारं नाव बऱ्याचदा रेडिओवरचं असतं, तिकिटावरचा नंबर वेगळा असतो. इंडिगोसाठी ते ‘आयजीओ’ने, एअर इंडियासाठी ‘एआयसी’ने, ब्रिटिश एअरवेजसाठी ‘बीएडब्ल्यू’ने सुरू होतं आणि पुढचे आकडे-अक्षरं निराळीही असू शकतात. शोधताना फ्लाइट नंबरच टाका.

## टप्पा ५: शेवटचे काही तास

फ्लाइटरडार२४ वर येऊ घातलेल्या फेरीसमोर टेल नंबर बऱ्याचदा निघण्याच्या काही तास आधी उमटतो, कधी आदल्या रात्री. फ्लाइटअवेअरवर येणारं विमान सध्या कुठे आहे हे दाखवणारी सोय आहे. आयफोन असेल तर फ्लायटी हे ॲपही तेच काम नीटसपणे करतं.

तीनदा बघा. आदल्या रात्री एकदा, घरातून निघताना एकदा, सुरक्षा तपासणी झाल्यावर एकदा. अधल्यामधल्या वेळी दर पाच मिनिटांनी पाहून हाती काही लागत नाही. कस्टमर केअरला फोन करून टेल नंबर विचारू नका. तिथल्या माणसासमोर प्रकारापलीकडची माहिती सहसा नसते, आणि तोही बिचारा वेळापत्रकातलंच वाचून दाखवतो.

टेल नंबर मिळाला की प्लेनस्पॉटर्स या साइटवर टाका. विमान कोणत्या वर्षी बनलं, आधी कोणाकडे होतं, हे सगळं तिथे मिळतं. एअर इंडियाच्या ताफ्यात मूळची, विस्ताराची आणि नव्याने आलेली विमानं एकत्र नांदत असल्यामुळे आतली मांडणी ओळखायला हा इतिहास फार कामाचा ठरतो.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर अनेक घरांत विमानाचं वय पाहण्यासाठीच हा शोध केला जातो. ती काळजी मला समजते. पण वयाच्या आकड्यावरून सुरक्षिततेचा निकाल लावू नका. ठरलेल्या तपासण्या नव्या विमानालाही असतात आणि पंधरा वर्षांच्या विमानालाही, आणि त्या कितपत नीट झाल्या हे कोणत्याही साइटवरच्या जन्मवर्षातून कळत नाही. भीती वाटणाऱ्या माणसाला आदल्या रात्री टेल नंबर शोधून देण्यापेक्षा त्याच्या शेजारची सीट आपली आहे ना, हे पाहिलेलं जास्त उपयोगाचं.

## टप्पा ६: गेटवर खात्री आणि विमान बदललं तर

काचेतून विमान दिसत असेल तर पुढच्या चाकाची झाकणं बघा. बहुतेक विमानांवर तिथे टेल नंबरची शेवटची दोन-तीन अक्षरं लिहिलेली असतात. पूर्ण नंबर मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे असतो. आत बसल्यावर समोरच्या खिशातल्या सुरक्षा कार्डावर विमानाचा प्रकार छापलेला असतो. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे आणि दाभोळी नौदलाचं. तिथे फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा अक्षरं डोळ्यांनीच टिपा.

एटीआर असेल तर प्रवाशांचं दार मागे असतं, पुढचं सामानाचं. त्यामुळे मागच्या ओळीतल्या सीटवर ज्येष्ठांना कमी चालावं लागतं. वरचे कप्पे लहान असल्याने चाकांची केबिन बॅग बऱ्याचदा विमानाच्या पायरीशीच काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. औषधं, चष्मा, कागदपत्रं आधीच छोट्या पिशवीत काढून ठेवा.

विमान ऐनवेळी बदललं तर सर्वांत आधी सीट पाहा. नवा नकाशा वेगळा असेल तर यंत्रणा सीट परस्पर बदलते आणि निरोप येईलच असं नाही. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर निरोप त्याच्या ईमेलवर जातो, म्हणून एअरलाइनच्या साइटवर स्वतःचा नंबर आधीच नोंदवून ठेवा. मायलेकरांच्या सीट दोन टोकांना गेल्या असतील तर ते काउंटरवर सांगा, गेटवर फार उशीर झालेला असतो.

प्रकार बदलला एवढ्यावर परतावा मागता येत नाही. तिकिटाच्या अटींत विमानाच्या प्रकाराची हमी नसते. मात्र नव्या विमानात तुमचा वर्गच नसेल आणि तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचा, १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम तुमच्या बाजूने आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेशी प्रवासात अंतरानुसार: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. यासाठी जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास आणि टप्पा २ मधला स्क्रीनशॉट जपून ठेवा. खालच्या वर्गात बसवलं असं काउंटरवरून लेखी घ्या, आणि ते विमानात बसण्यापूर्वीच घ्या.